चौदा टनांचा तराफा

मिस्त्रीनं तीस वर्षांत जे काही बांधलं, ते जिथं बांधलं तिथंच राहिलं. त्यामुळे जलवाहतूक खात्याच्या इंजिनिअर बाईंनी जेव्हा त्याला काँक्रीटची एक बंद पेटी बांधायला सांगितली आणि ती पाण्यावर तरंगायची आहे असंही सांगितलं, तेव्हा त्यानं आधी मागं वळून पाहिलं. बाई दुसऱ्या कुणाशी बोलत असतील असं त्याला वाटलं.

मागं कुणी नव्हतं.

काम असं होतं. गावाला लागून रुंद नदी होती आणि पलीकडे जायला लाँच होती. नदीचं पाणी वर्षभर वरखाली व्हायचं, म्हणून लाँचमध्ये चढण्या-उतरण्यासाठी पाण्याबरोबर वरखाली होणारा तराफा लागायचा. आजवर तो लाकडाचा असे आणि दर पाच-सहा वर्षांनी कुजे. आता खात्यानं ठरवलं होतं की काँक्रीटचाच करायचा, म्हणजे पन्नास वर्षं बघायला नको. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, एक मीटर वीस सेंटिमीटर उंच. आत पोकळ, मधोमध एक आडभिंत, वर दोन झाकणं. भिंती सगळीकडे दहा सेंटिमीटर जाड.

"आणि याचं वजन?" मिस्त्रीनं विचारलं.

"चौदा टन," बाई म्हणाल्या.

"चौदा टन पाण्यावर."

"पाण्यात. थोडं आत, थोडं वर."

बाईंचं वय अठ्ठावीस-एकोणतीस असेल. आवाज हळू होता, पण वाक्य अर्ध्यावर सोडायची सवय नव्हती. मिस्त्रीनं काम घेतलं. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही, हेच खरं कारण.

घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की लाकडाचे तराफे आजवर ज्यानं बांधले तो त्याचा सख्खा साडू होता.

साडू होड्या बांधणारा सुतार. गावात त्याला सगळे रंधा म्हणत, कारण समोरचा काहीही बोलला की हा त्याचं साल काढी. मिस्त्रीच्या बायकोची थोरली बहीण त्याला दिलेली. दोघी बहिणींचं गूळपीठ जितकं घट्ट, तितकेच दोघे साडू एकमेकांना पाण्यात पाहत. भांडण असं कधी झालं नव्हतं. रंध्यानं एकदा मिस्त्रीकडून स्वयंपाकघराचा ओटा बांधून घेतला. मिस्त्रीनं तो रंध्यानं सांगितल्यापेक्षा चार बोटं जाड केला, आणि रंध्यानं आधीच बनवून ठेवलेले खण त्याखाली बसेनात. "मजबूत आहे," मिस्त्री म्हणाला. "हो, हत्ती आला जेवायला तर बसेल," रंधा म्हणाला. तेव्हापासून असं.

"ताईला काय वाटेल?" बायकोनं विचारलं.

"ताईला काय वाटायचंय? काम खात्यानं दिलंय."

"तुम्ही घेतलंत."

यावर मिस्त्रीनं ताट पुढं ओढलं.

घाटाच्या बाजूला नदीकाठाला एक मोठा खड्डा खणला. नदी आणि खड्डा यांच्यामध्ये मातीचा बांध ठेवला. पेटी खड्ड्यात कोरड्यावर बांधायची आणि तयार झाली की बांध फोडून पाणी आत घ्यायचं, म्हणजे ती आपोआप उचलली जाईल, अशी बाईंची योजना. "आपोआप" हा शब्द मिस्त्रीला रुचला नाही. त्याच्या धंद्यात आपोआप फक्त एकच गोष्ट व्हायची, ती म्हणजे पडझड.

सळया बांधून होईपर्यंत त्यानं कळ काढली. मग एका दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं सरळ विचारलंच. "मॅडम, राग मानू नका. खडा टाकला तर बुडतो. आणि हे चौदा टन तरंगणार म्हणता. मग वजन जातं कुठं?"

बाईंनी इकडंतिकडं पाहिलं. शेडबाहेर पाण्याचा हौद होता. त्यांनी मिस्त्रीच्या हातातली लोखंडी थापी मागितली आणि हौदात सोडली. थापी तळाला गेली. मग त्यांनी कोपऱ्यातलं लोखंडी घमेलं उचललं आणि अलगद पाण्यावर ठेवलं. घमेलं डुलत राहिलं.

"थापी किती वजनाची?"

"असेल पावशेर."

"आणि घमेलं?"

घमेलं हौदात तरंगताना मिस्त्रीनं हजार वेळा पाहिलं होतं. दुपारी कामगार घमेली धुऊन तशीच सोडून देत. तीस वर्षांत त्याला एकदाही वाटलं नव्हतं की यात विचारण्यासारखं काही आहे.

"वजन कुठं जात नाही," बाई म्हणाल्या. "घमेलं खाली जाताना पाण्याला बाजूला सारतं. जेवढं पाणी सारलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं पाणी त्याला वर ढकलतं. थापी आहे पातळ. ती पूर्ण बुडली तरी सारून सारून किती पाणी सारणार? तिच्या वजनाला पुरत नाही. घमेल्याला पोट आहे."

"बघायला मिळेल?"

मग त्यांनी एक टब काठोकाठ भरला, मोठ्या परातीत ठेवला. घमेल्यात दोन विटा घातल्या आणि ते टबात सोडलं. पाणी सांडलं. घमेलं विटांसकट ताणकाट्याला लावलं तर काटा साडेसात किलोवर थांबला. परातीतलं सांडलेलं पाणी बादलीत घेऊन, बादलीचं वजन वजा करून पाहिलं, तर साडेसात. मिस्त्रीनं दुसरी वीट काढून पुन्हा करायला लावलं. साडेचार आणि साडेचार. तिसऱ्यांदा त्यानं थोडं ओलं सिमेंट घालून पाहिलं. पाणी फसत नव्हतं.

"आपली पेटी अख्खी बुडवायची म्हटली तर साडेएकवीस टन पाणी सारावं लागेल," बाई म्हणाल्या. "तिचं वजन चौदा. म्हणजे चौदा टन पाणी सारलं की ती थांबणार. तळापासून अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरवर."

"अठ्ठ्याहत्तर. सत्त्याहत्तर नाही."

"अठ्ठ्याहत्तर," बाई म्हणाल्या. "तिथं चारी बाजूंनी लाल रेघ मारून ठेवू आपण."

त्या दिवसापासून मिस्त्रीला कामाची गोडी लागली. घरी त्यानं बायकोच्या पातेल्यांवर प्रयोग केले. वाटीत डाळ घालून वाटी बादलीत सोडायची आणि किती बुडते त्याला बोट लावायचं. बायकोनं दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी डाळीचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

रंधा रोज खड्ड्याच्या काठावर यायचा. त्याची होड्यांची शेड तिथून हाकेच्या अंतरावर होती. हात मागं बांधून उभा राहायचा. "काय मिस्त्री, दगडाची होडी कुठवर आली? पोहायला शिकवलंस का तिला?" कामगार हसायचे. मिस्त्री वर न पाहता म्हणायचा, "भाऊ, लोखंडाची जहाजं चालतात जगात." रंधा म्हणायचा, "जहाजं चालतात. ती तू नाही बांधलीस."

भिंती ओतण्याच्या दिवशी बाई सकाळभर हजर होत्या. त्यांनी साच्याच्या फळ्यांमधलं अंतर जागोजाग मोजलं. सगळीकडे दहा सेंटिमीटर. दुपारी त्यांना ऑफिसमधून बोलावणं आलं आणि त्या गेल्या. तीन भिंती झाल्या होत्या. चौथी, नदीच्या बाजूची लांब भिंत ओतताना आतल्या साच्याचे टेकू सरकले. फळ्या आतल्या बाजूला सरकल्या आणि काँक्रीट त्यांच्यामागं गेलं. मिस्त्रीनं टेप लावली. तेरा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ सारखं तेरा.

साचा मागं रेटायला वेळ होता. काँक्रीट ओलं होतं. चार माणसं लागली असती आणि तासभर गेला असता. मिस्त्रीनं विचार केला आणि मान हलवली. जाड झाली तर बिघडलं कुठं? तीस वर्षांत त्याच्यावर कमी घातल्याचा आरोप कुणी केला नव्हता. दहा सांगितलं तर तो अकरा घाली, आणि वरचं एक हे त्याच्याकडून बक्षीस असे. बारीक भिंतीनं घर पडतं, जाड भिंतीनं पडलेलं त्याला आठवत नव्हतं. त्यानं वरची कड थापीनं साफ केली. पुढं छताची फरशी ओतली आणि ती बाजू आत झाकली गेली. बाईंना सांगायचं त्याच्या मनात आलंच नाही. लपवलं असं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही.

एकवीस दिवस पाणी मारून झालं. लाल रेघा मारल्या. एका सकाळी खात्याचे मोठे साहेब, लाँचचे चालक, दोघी बहिणी आणि निम्मं गाव काठावर जमलं. रंधा आपल्या छोट्या होडीत बसून नदीच्या बाजूनं बघत होता.

बांध फोडला. पाणी आधी गढूळ आलं, मग जोरात आलं, मग शांतपणे चढायला लागलं. पेटीच्या चारी बाजूंनी ते वर सरकत होतं. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं. बाई काठावर उकिडव्या बसून रेघेकडे बघत होत्या. मिस्त्री त्यांच्यामागं उभा होता.

पाणी रेघेच्या जवळ आलं आणि जमिनीकडची बाजू हलली. आवाज झाला नाही. चौदा टनांच्या पेटीची ती बाजू झोपेतून उठल्यासारखी वर आली, आणि काठावरून एकच ओरडा झाला. मग लोकांचा आवाज हळूहळू खाली बसला. नदीची बाजू अजून तळालाच होती. पाणी आणखी चढलं तेव्हा तीही सुटली, पण पेटी सरळ झाली नाही. जमिनीकडची लाल रेघ पाण्याच्या वर दिसत होती. नदीकडची रेघ पाण्याखाली होती. दोन्ही बाजूंत जवळजवळ वीतभर फरक होता. पेटी तरंगत होती, पण एका अंगावर कललेली.

"तरंगतंय की!" कुणीतरी म्हणालं.

"यावर म्हातारी माणसं उभी राहणार आहेत," मोठे साहेब म्हणाले. "बाई, गणित कुणी केलं होतं?"

"मी केलं होतं, सर."

"मग पुन्हा करा. आणि काय चुकलं ते लेखी द्या."

साहेब गाडीत बसून गेले. लोक पांगले. बाई शेडमध्ये कागद पसरून बसल्या. मिस्त्री दारात गेला. त्याला ठाऊक होतं. पेटी कलली त्याच क्षणी त्याला ठाऊक झालं होतं. कुणी सांगावं लागलं नाही. बाईंनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचं काम चांगलं झालंय. एक थेंब आत नाही. माझंच काहीतरी चुकलं."

तो म्हणाला, "बघा, मिळेल." आणि घरी गेला.

दोन दिवस तो कामावर गेला नाही. अंग दुखतंय म्हणाला. बायकोनं कपाळाला हात लावून पाहिला. जेवण नेहमीसारखंच वाढलं. बोलायचं कसं याची त्यानं मनात पुष्कळ तालीम केली. प्रत्येक वेळी वाक्य 'साचा सरकला' इथं सुरू व्हायचं आणि 'मला माहीत होतं' इथं अडायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंधा आला. या घराचा उंबरठा त्यानं तीन वर्षांत ओलांडला नव्हता. तो बसला, पाणी प्यायला, आणि विचारलं, "लांब भिंतीत किती जास्त घातलंस?"

मिस्त्रीनं त्याच्याकडे पाहिलं.

"होडीनं जवळ गेलो होतो. हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघितलं. ती भिंत बद्द वाजते. बाकीच्या तशा वाजत नाहीत. आणि तुला मी ओळखतो. माझा ओटा अजून तसाच आहे."

"तीन," मिस्त्री म्हणाला. "तीन सेंटिमीटर."

"लांबीभर?"

"लांबीभर."

रंध्यानं जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "जमिनीवर चालतं ते. जमीन बिचारी सोसते. होडीत एक फळी एका बाजूला जाड लागली तर पोरंसुद्धा सांगतात की ही वाकडी चालते. त्या इंजिनिअर पोरीला सांगितलंस?"

"नाही."

"मग काय, तिचं पेन्शन होईपर्यंत थांबणार?" रंधा उठला. चपला घालताना म्हणाला, "मी सांगणार नाही. मी सांगितलं तर लोक म्हणतील, याचं काम गेलं म्हणून बोलतोय."

मिस्त्री तसाच उठून शेडकडे गेला. बाई काही लिहीत होत्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तो उभ्या उभ्या बोलला. साचा सरकला. तेरा झाली. वेळ होता, दुरुस्त केली नाही. वाटलं, जाडच बरी. आणि त्या दिवशी कलली तेव्हाच कळलं होतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी काल साहेबांना लिहून दिलं. माझी चूक झाली म्हणून. चूक सापडत नव्हती, तरी लिहून दिलं."

"मी साहेबांकडे येतो. सांगतो."

"ते तर तुम्ही याल," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता, आणि मिस्त्रीला तो ओरडण्यापेक्षा जड गेला. "तुम्ही मला तीन-तीनदा घमेलं तोलायला लावलंत. एक वीट कमी-जास्त झाली तर पाण्याला कळतं, हे तुम्हीच बघितलं होतं. आणि मला दोन दिवस अंधारात ठेवलंत."



त्याच दिवशी तो साहेबांसमोर गेला आणि सगळं सांगितलं. साहेबांनी त्याला खूप सुनावलं. बाईंना ते काहीच म्हणाले नाहीत. चुकलं म्हणून जे लिहून घेतलं होतं, ते मात्र परत दिलं.

दुरुस्तीसाठी मिस्त्री म्हणाला, मी आत उतरतो, छिन्नीनं तीन सेंटिमीटर सोलून काढतो. बाईंनी नाही म्हटलं. घाव बसून बारीक तडा गेला तर पाणी आत येईल, आणि पाणी आत आलं की पोटाचा उपयोग संपला. उपाय रंध्यानं सांगितला. तो कुणी बोलावलं नसताना शेडमध्ये येऊन बसला होता. "होडी डावीकडं कलली तर उजवीकडं भार ठेवतात. त्यात काय एवढं? दुसऱ्या भिंतीलगत तळाला विटा लावा."

"अजून जड करायचं?" मिस्त्रीनं विचारलं.

"सरळ करायचं," बाई म्हणाल्या. त्यांनी आकडेमोड केली. पावणेपाचशे किलो. सुमारे एकशे साठ विटा. ऐंशी एका कप्प्यात, ऐंशी दुसऱ्यात.

विटा मिस्त्रीनं स्वतः लावल्या. दुसऱ्या कुणाला आत उतरू दिलं नाही. झाकणातून तो खाली गेला. आत एक मीटर उंची, उभं राहता येत नव्हतं. वायरला लोंबणारा एक बल्ब. गुडघ्यांवर बसून त्यानं मसाल्यात एकेक वीट बसवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की बाहेरचं पाणी आत्ता त्याच्या छातीच्या उंचीला आहे. भिंतीला कान लावला तर ते ऐकू येत होतं, मांजर दूध पितं तसं. सगळीकडून रेटत होतं, आणि भिंत कोरडी होती. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतः बांधलेल्या वस्तूच्या आत बसून तिच्यासकट हलत होता. त्यानं पुढची वीट घेतली.

बाहेरून रंधा होडीतून ओरडत होता. "चार बोटं राहिली!... अरे, झोपलास का आत?... तीन!" बाई काठावर होत्या, त्या फक्त आकडे लिहून घेत होत्या.

दुसऱ्या कप्प्यातल्या शेवटच्या ओळीला रंध्याचा आवाज आला. "पुरे. एकही जास्त लावू नकोस. ऐकतोयस ना? एकही नको!"

मिस्त्रीच्या हातात दोन विटा होत्या. त्या त्यानं वर दिल्या.

बाहेर आला तेव्हा पेटी सरळ होती. पाणी मात्र चारी बाजूंनी लाल रेघेच्या तीन बोटं वर आलं होतं. वाढलेली भिंत आणि तिला तोलणाऱ्या विटा, दोन्हींचं ओझं पाण्यानं मोजून दाखवलं होतं. बाईंनी तराफ्यावरचा फलक बदलायला लावला. आधी लिहिलं होतं, एका वेळी साठ माणसं. आता सेहेचाळीस. मिस्त्रीनं विचारलं, चौदा माणसं कशी काय कमी झाली? बाईंनी सांगितलं, नऊशे किलो जास्तीचं आहे, माणसाचे पासष्ट धरा. त्यानं मनातल्या मनात भाग दिला. बरोबर होतं.

तराफा घाटाला लावला. काठापासून तराफ्यापर्यंत जायला लाकडी पूल लागत होता, तो पाण्याबरोबर वरखाली होईल असा बिजागरीवर बसवायचा होता. ते काम रंध्याला मिळालं. पूल तराफ्याला जोडताना दोघा साडूंचं बिजागरीच्या उंचीवरून कडाक्याचं वाजलं, इतकं की लाँचचा चालक मध्ये पडला. त्या भांडणानंतर दोघं एकाच डब्यातलं जेवले. डबा थोरल्या बहिणीनं पाठवला होता आणि तो दोघांपुरता होता.

बाई त्या कामावर आणखी दोन महिने होत्या. मिस्त्रीशी त्या कामापुरतं बोलल्या, नीट बोलल्या, पण शेडमध्ये पुन्हा टब-परात निघाली नाही. एकदा त्यानं विचारलं, खारट पाण्यात हाच तराफा कमी बुडेल म्हणतात, ते खरं का? बाई म्हणाल्या, "खरं आहे. खारं पाणी जड असतं." आणि पुढच्या कागदाकडे वळल्या. नंतर त्यांची बदली झाली. निरोपाला मिस्त्री गेला होता. त्यांनी त्याला चहा दिला आणि पलीकडच्या काठाचा तराफाही त्याच्याकडेच द्यावा असं आपण कळवलंय, एवढं सांगितलं. "भिंती रोज मोजून लिहून ठेवायच्या, ही अट घातली आहे," त्या म्हणाल्या.

"घालायलाच हवी," मिस्त्री म्हणाला.

पलीकडचा खड्डा खणायला घेतला तेव्हा त्यानं साचा धरायला दुप्पट टेकू मागवले. ओतताना आतल्या फळ्यांशी तो स्वतः टेप घेऊन बसला. दर हातभर अंतरावर मोजी आणि मोठ्यानं आकडा सांगी, आणि रंधा वर बसून वहीत लिही. एके ठिकाणी साडेदहा आलं. मिस्त्रीनं काम थांबवलं, फळी मागं ठोकली, पुन्हा मोजलं.

"दहा," तो म्हणाला.

"दहा," रंध्यानं लिहिलं. मग पेन्सिल कानावर खोचून म्हणाला, "आता माझा ओटा कधी तासतोस?"